उजव्या चाकाचं कॅलिपर

नातीच्या, प्रतीक्षाच्या, लग्नाला बारा दिवस उरले होते, आणि जालन्याला जाईन तर त्याच गाडीतून, हा हट्ट सत्यभामाबाईंनी काही सोडला नव्हता.

महिनाभरापूर्वी शेवटी शिवमनं आजीपुढे हात टेकले होते. उकंडराव आजोबांनी हौसेनं घेतलेली कॉन्टेसा अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, ती त्यानं बाहेर काढली. इंजिन उघडून घेतलं, नवे टायर आणले, बुलडाण्याला खेटे घालून कागदपत्रं नवी केली, चेपलेलं डावं मडगार्ड ठोकून सरळ करून घेतलं. आता राहिले होते ब्रेक. त्यांना मात्र त्याच्या बायकोनं कोणाला हात लावू दिला नव्हता. योगिनी देऊळगाव राजाच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायची. "ब्रेक मी करते," ती म्हणाली होती. "आजी बसणार हाये न त्यात."

शनिवारी सकाळी तिनं उजवं पुढचं चाक जॅकवर घेतलं तेव्हा तिचा सासरा गजेंद्र शेडच्या तोंडाशी उभा होता. वावरात वांग्यांची तोडणी चालू होती, बायामाणसं लागलेली होती, त्यानं तिकडं असायला हवं होतं. पण पाय निघत नव्हता. सत्यभामाबाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर काठी आडवी. ती काठी टेकत का होईना, आई पुन्हा चालली होती, आणि त्यासाठी गजेंद्र रोज सकाळी देवापुढे हात जोडायचा. देवाकडे मान वर करून बघायचं मात्र तो टाळायचा.

"मामाजी, वावरात नाही गेले?" चाकाचा शेवटचा नट काढत योगिनीनं विचारलं.

"जातो न. तुले काही लागलं तर, म्हणून थांबलो."

चाक निघालं. आत गंजानं तांबडी झालेली लोखंडी चकती, आणि तिला एका बाजूनं धरून बसलेला ओबडधोबड लोखंडाचा गोळा.

"आजी, ही चकती चाकासंगं फिरते," योगिनी सांगू लागली. शिकवायची सवय तिला घरीही सुटत नसे. "अन् हे धरून बसलं न, हे कॅलिपर. ब्रेक दाबला की ऑइल याच्यातला पिस्टन ढकलते. पिस्टन पॅडले ढकलते, अन् दोन पॅड मिळून चकतीले आवळतात."

"सांडशीवानी," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"हाव, सांडशीवानीच."

तिनं कॅलिपर सोडवलं, त्यातले पॅड काढले आणि हातात धरून उगीच दोनदा उलटेसुलटे केले. मग डाव्या चाकाकडे गेली. ते तिनं कालच उघडून ठेवलं होतं. तिथले पॅड घेऊन आली आणि वर्तमानपत्रावर चारही ओळीनं मांडले. गजेंद्रला कळलं होतं. चाक निघायच्या आधीच कळलं होतं त्याला.

अकरा वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दिवशी, त्याचा धाकटा भाऊ राम आईला याच गाडीतून जालन्याला तिच्या भावाकडे घेऊन निघाला होता. सिंदखेडराजाच्या अलीकडे पुलाजवळ एक वासरू आडवं आलं. रामनं ब्रेक मारला, आणि गाडी डावीकडे वळून पुलाच्या कठड्यावर गेली. सत्यभामाबाईंचं कमरेचं हाड मोडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, गजेंद्र रामला नाही नाही ते बोलला होता. तुझ्या हाताला लगाम नाही, म्हणाला होता. मायेला जिवानिशी मारायला निघाला होतास, म्हणाला होता. राम सांगत होता की गाडी आपोआप ओढली, मी हळूच होतो. कोणी ऐकलं नाही. दोन महिन्यांत त्यानं बायको समता आणि लेक प्रतीक्षा यांना घेऊन जालना गाठलं. त्यानंतर दुसरबीडच्या घराची पायरी तो चढला नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा एकट्या आईच्या नावानं आली होती.

"मामाजी, इकडं या जरा." योगिनीचा आवाज बदलला होता. "हे उजवे पॅड. नव्यासारखे हायेत. अन् हे डावे, पार लोखंडाले टेकले. एकाच दिवशी बसवलेले पॅड असे झिजत नाहीत."

"म्हणजे काय झालं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"म्हणजे उजव्या चाकाले ब्रेक लागतच नव्हता, आजी. पिस्टन जाम होता. अन् हे अपघातात झालेलं नाही, त्याच्या कितीतरी महिने आधीपासूनचं हाये. सगळा जोर डाव्या चाकावर यायचा. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडंच जाणार. स्टेअरिंगवर कोणीही असतं तरी."

सत्यभामाबाईंनी काठी जमिनीवर टेकवली.

"मी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "खाटीवर पडल्या पडल्या सांगतलं होतं. त्यानं दोन्ही हातानं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं होतं, मी शेजारी बसून पाह्यलं. तुम्ही म्हणले, माय हाये, लेकराची बाजू घेते."

गजेंद्र खाली बघत राहिला. योगिनीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच कामाला लागली. त्या क्षणी तिनं पुढं काही विचारलं नाही, याचे त्यानं मनोमन उपकार मानले.

पिस्टन हातानं हलेना. हवेच्या दाबानंही जागचा सरकेना. मग योगिनीनं ट्रॅक्टरची ग्रीसगन आणली. कॅलिपरला जिथून ऑइल येतं त्या भोकावर तिनं आयटीआयमधून करून आणलेला जोड बसवला आणि कॅलिपर बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळलं.

"मामाजी, तुम्ही दाबा. हळूहळू. मी याच्याकडं ध्यान ठेवते."

गजेंद्रनं दांडा दाबला. एकदा, दोनदा, पाच वेळा. आत ग्रीस भरत गेलं, दांडा जड होत गेला. काहीच हलत नव्हतं. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. आणि मग आतून काहीतरी करकरलं, नि पिस्टन केसभर पुढं आला.

"येऊन राह्यला!" योगिनी म्हणाली. "थांबू नका."

"पुंजाजीनं सांगतलं होतं मले," गजेंद्र म्हणाला.

दोघींपैकी कोणालाच आधी कळलं नाही, तो काय म्हणतोय. तो दांडा दाबतच होता.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी धुवायले नेली होती. पुंजाजी मिस्त्रीनं चक्कर मारून पाह्यली. म्हणला, गजेंद्रभाऊ, उजवा ब्रेक धरत नाही, गाडी डावीकडं ओढते, कॅलिपर उघडा लागते. मी म्हणलो, सोयाबीन निघू दे, मग पाहू. सोयाबीन निघालं. मी विसरलो. रामले सांगायचंबी विसरलो."

पिस्टन सुटून खालच्या चिंधीवर पडला. अर्ध्या अंगावर गंजाचे खड्डे, जणू कोणी दाभणानं टोचलेलं. योगिनीनं तो उचलला नाही.

"कव्हा आठवलं तुले?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तू खाटीवर होती तव्हाच. पण रामले बोलून झालं होतं, माय. सगळ्याईसमोर बोललो होतो."

सत्यभामाबाईंचा चेहरा गजेंद्रला बघवला नाही. त्या ओरडतील, काठी उगारतील असं त्याला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांनी योगिनीलाच विचारलं, "याचं पुढं काय करतात, पोरी?"

"रबराची किट मिळून जाईल, आजी. पण हा पिस्टन गेला. बाजारात मिळत नाही आता. चांगल्या लेथवर नवा बनवून घ्यावा लागंल, स्टेनलेस स्टीलचा. माप केसाइतकंबी इकडंतिकडं चालणार नाही."

"राम हाये न," सत्यभामाबाई म्हणाल्या. रामचं जालन्यात लोखंड कातायच्या लेथचं वर्कशॉप होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. त्या काठीवर जोर देऊन उठल्या. "अन् तू मले सांगतलं तेच त्याले सांगजो, गजेंद्र. मले सांगून तुह्यं भागत नाही."

दुसऱ्या दिवशी गजेंद्रच्या बायकोनं, तानाबाईनं, त्याच्या हातात पिशवी दिली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन आणि चार पॅड, वर सकाळीच तोडलेली भरताची वांगी. "समतेले आपल्या वावरातली वांगी लय आवडायची," एवढंच ती म्हणाली. गजेंद्र एसटीत बसला आणि जालना येईपर्यंत पिशवी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही. तो पूल आला तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत. या वेळी नीट बघितला.

रामचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक लेथ, एक ड्रिल आणि लोखंडाच्या किसाचा ढीग. मागच्या दोन खोल्यांत घर. दारात उजेड अडवून उभ्या असलेल्या माणसाला त्यानं आधी ओळखलं नाही.

"कोण पाह्यजे?" त्यानं विचारलं. आणि मग लेथ बंद केली.

रामचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. गजेंद्रला आठवत होता तो राम पस्तिशीतला होता. बसायला कोणी म्हणालं नाही. त्यानं उभ्यानंच पिशवीतून पुडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं.

"हे उजवे. हे डावे. आपल्या गाडीचे. योगिनीनं काल काढले."

रामनं एकेक पॅड उचलून अंगठ्यानं त्याची जाडी चाचपली. रोज हजारो वेळा लोखंडाची जाडी चाचपणारा हात. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. पिस्टन उचलून त्यानं उजेडाकडे धरला, खड्ड्यांवरून नख फिरवलं, आणि मग मागं बघून स्टूल ओढून बसला.

"म्हणजे मी नाही," तो म्हणाला.

"तू नाही."

"मी नाही." पुन्हा म्हणाला. आतल्या दाराकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "समता! इकडं ये. हे पाह्य काय हाये."

समता पाण्याचा तांब्या घेऊन आली, थोरल्या दिराला बघून तिनं पदर सारखा केला आणि तिथंच थबकली. रामनं तिच्यापुढं पॅड धरले. "उजवा लागतच नव्हता, समता. हे पाह्य, किती जाड राह्यला. मी म्हणत होतो न तुले?"

"मले तर खरंच वाटत होतं तुमचं," समता म्हणाली. "तुम्हीच म्हणायचं सोडलं."

राम गजेंद्रकडे वळला. "हिचं खरं हाये. मलेच वाटायले लागलं होतं की मी खोटं बोलून राह्यलो. माह्याच हातानं झालं असंल. अकरा वर्षं कोण्या गाडीच्या स्टेअरिंगले हात नाही लावला, भाऊ. प्रतीक्षाले शाळेत सोडायले ही जायची, स्कूटीवर."

गजेंद्रला वाटलं, इथंच थांबावं. राम किती हलका झालाय, त्याला आता आणखी कशाला. अकरा वर्षं असंच काहीतरी वाटून तो थांबत आला होता.

"अजून एक सांगायचं हाये," तो म्हणाला, आणि पुंजाजीचं सगळं सांगितलं. पोळ्यापासून. काही वगळलं नाही. "आधी वाटलं, माय उठून चालली की सांगू. माय चालायले लागली, तव्हा वाटलं, आता कशाले. मग पुंजाजी वारला. मले बरं वाटलं, राम. एवढा देवमाणूस गेला, अन् मले बरं वाटलं."

राम उठून दाराशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. समतानं तांब्या गजेंद्रपुढे ठेवला. पाणी प्यावं की नाही हे त्याला कळेना.

"पी," राम वळून म्हणाला. "पाण्याले कोण नाही म्हणते. पण जेव म्हणणार नाही मी तुले आज. माह्या तोंडातून निघणारच नाही."

"नको म्हणू."

"तुले वाटत असंल, सांगून टाकलं, मोकळा झालो. मी आज रागावू की रडू, तेच मले कळून नाही राह्यलं." त्यानं चिंधीनं पिस्टन पुसला, ड्रॉवरमधून मापाचं व्हर्नियर काढलं. "पण हे घेऊन तू आला. शिवमच्या हाती पाठवता आलं असतं. पुंजाजीचं नसतं सांगतलं तर मले या जन्मात कळलं नसतं. एवढं मी ध्यानात ठेवीन."

त्यानं तीन ठिकाणी माप घेतलं आणि खडूनं पाटीवर आकडा मांडला.

"योगिनीले सांग, दोन बनवतो. दोन्ही चाकाले सारखे पाह्यजेत."

"न्यायले कव्हा येऊ?"

"तू नको येऊ. मी आणतो."

समतानं वांगी काढून घेतली होती. पिशवी रिकामी परत जाऊ नये म्हणून तिनं तिच्यात लग्नासाठी वळलेले लाडू घातले होते. परतीच्या एसटीत गजेंद्रनं त्यातला एक खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. खाताना त्याला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकीकडे तोंड फिरवलं, याचंही त्याला बरं वाटलं.

बुधवारी दुपारी राम आला. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघांत काय बोलणं झालं ते गजेंद्रनं ऐकलं नाही, तो मुद्दाम शेडमध्ये जाऊन बसला होता. नंतर राम तिथंच आला, खिशातून कापडात गुंडाळलेले दोन पिस्टन काढून योगिनीच्या हातात ठेवले. आरशासारखे. योगिनीनं माप घेतलं आणि हसली.

"काकाजी, असा तर कंपनीतूनबी येत नसंल."

तिनं दोन्ही कॅलिपरं आतून ग्रीसचा कण राहू न देता धुऊन ठेवली होती. नवी रबराची कडी ब्रेक ऑइलात बुडवून खाचेत बसवली, मग पिस्टन टेकवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला. तो कुठंही न अडता आत गेला. राम श्वास रोखून बघत होता. धूळ अडवणारं रबर, नवे पॅड, दोन्ही चाकांना. मग ती उठून पाठ सरळ करत म्हणाली, "आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. त्याले दोन माणसं लागतात. अन् मी थकली."

ती थकली नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं.

राम गाडीच्या दाराशी थांबला. मग आत बसला. स्टेअरिंगला हात न लावता, हात मांडीवर ठेवून. गजेंद्र उजव्या चाकाशी गोणपाटावर आडवा झाला. कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या निपलला नळी लावलेली होती, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात. योगिनीनं एकदाच बजावलं, "काकाजी ब्रेक दाबून धरतील अन् 'धरला' म्हणतील. तव्हा मामाजी निपल ढिलं करतील, हवा निघंल. मामाजी आवळून 'सोड' म्हणत नाहीत तोवर पाय उचलायचा नाही. उचलला तर सगळी हवा पुन्हा आत."

आणि ती आजीजवळ जाऊन बसली.

"धरला," वरून राम म्हणाला.

गजेंद्रनं पाना फिरवला. नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. त्यानं आवळलं. "सोड."

"धरला."

"सोड."

पंधरा-वीस वेळा एवढंच बोलणं झालं. गाडीखालून गजेंद्रला भावाचा चेहरा दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. बुडबुडे कमी होत गेले. मग नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल आलं, सलग. डाव्या चाकाशीही तसंच झालं.

"भाऊ," राम म्हणाला, "खाली जातच नाही आता. दगडावानी झाला."

"मग झालं," गजेंद्र पडल्या पडल्या म्हणाला. उठायला त्याला थोडा वेळ लागला. रामनं खाली उतरून हात पुढं केला, आणि त्यानं तो धरला.

साखरखेर्ड्याच्या बाजूचा सरळ रस्ता उन्हात मोकळा होता. राम चालवत होता, गजेंद्र शेजारी. आधी बैलगाडीच्या चालीनं. मग थोडी जोरात. रामचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"योगिनी म्हणते, हात सोडून ब्रेक मारून पाहा," राम म्हणाला. "ओढत असंल तर तव्हाच कळते."

"मार."

"तू उतरतो का आधी?"

"नाही. मार."

गजेंद्रनं डॅशबोर्डवर दोन्ही हात रोवले. रामनं स्टेअरिंग सोडलं, तळवे वर उचलून धरले आणि ब्रेक दाबला. टायर रस्त्यावर घासले, दोघं पुढं झुकले, आणि गाडी उभी राहिली. रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याला समांतर, जिथं होती तिथंच, सरळ.

इंजिन चालू होतं. राम हात वर धरूनच बसला होता. ओठ मिटलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"सरळ राह्यली," तो म्हणाला.

"सरळ राह्यली, बे."

"अजून एकदा मारू?"

"मार."

त्यांनी अजून एकदा मारला. मग अजून एकदा. बाजूच्या वावरात हरभरा निंदणाऱ्या बाया खुरपी थांबवून बघू लागल्या, की ही पिकल्या केसांची दोन माणसं घटकेघटकेला गाडी थांबवून करतात तरी काय. चौथ्या वेळी गाडी थांबली तेव्हा गजेंद्रच्या ध्यानात आलं, की आपण डॅशबोर्डला धरलेलंच नाही. हात मांडीवर होते, मोकळे.